पोटाखालचं नाव

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून गुडघे, साखर आणि नातवंडं या तीन विषयांवर आपली भरपूर चर्चा झालेली आहे. संयोजकांनी मला चौथा विषय दिला. म्हणाले, "तुझ्या त्या गाड्यांबद्दल बोल, पण वीस मिनिटांत आटप." काल रात्री जेवताना एका दोस्तानं तर सरळ विचारलं, "काऊन बे, अजून चावीच्या गाड्याच खेयतं का?" त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, कारण ताटात वांग्याची भाजी आणि पानगे होते. ते उत्तर आता देतो.

मी गाड्या खेळत नाही, जुन्या खेळण्यातल्या रेल्वेगाड्या गोळा करतो. आजमितीला माझ्याकडे 31 वाहनं आहेत. 17 मालडबे, 9 प्रवासी डबे आणि 5 इंजिनं. त्यांतली बहुतेक पन्नास ते शंभर वर्षांपूर्वीची आहेत. बँकेच्या नोकरीत अमरावती, अकोला, खामगाव, मूर्तिजापूर अशी बदल्यांची वरात फिरली, तिच्यामागे ही वरातही वाढत गेली. काही भंगारच्या दुकानांत मिळाली, काही जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, काही मुंबई-पुण्याच्या संग्राहकांकडून अदलाबदलीत आली.

खेळणारा माणूस गाडी रुळावर ठेवतो आणि चावी देतो. गोळा करणारा माणूस ती पहिल्यांदा हातात आली की उलटी करतो आणि पोटाखाली बघतो. तिथे नाव असतं, खूण असते किंवा नसते. ही कोणी केली, कुठे केली, कधी केली, हे तिथे कळतं. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की वस्तूच्या पोटाखालचं नाव वाचायला शिकलं पाहिजे, आणि जिथे नाव नाही तिथे लिहायलाही शिकलं पाहिजे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

आधी नावं वाचू.

जर्मनीत ग्योपिंगेन नावाच्या गावात 1859 साली मेर्कलिन नावाच्या माणसानं पत्र्याची खेळणी करायला सुरुवात केली. गाड्या नव्हेत, बाहुलीच्या स्वयंपाकघरातली भांडी, म्हणजे आपल्या भाषेत भातुकली. पुढच्या पिढीनं 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत रेल्वे मांडली. गाडी तर तोवर इतरांनीही केली होती. मेर्कलिननं रुळांची रुंदी ठरवून दिली आणि तिला नंबर दिले. मग या वर्षी पोराला इंजिन आणि वाटोळे रूळ घ्या, पुढच्या वर्षी दोन डबे, त्याच्या पुढच्या वर्षी स्टेशन आणि सिग्नल. सगळं एकमेकांना जुळणार. बापाचा खिसा दरवर्षी नाताळला नियमानं रिकामा होणार! गोळा करण्याचा रोग तिथून सुरू झाला असं मी मानतो. आजही जगभरचे हौशी लोक रुळांच्या रुंदीला जी नावं देतात, त्यांची सुरुवात त्या नंबरांत आहे.

दुसरं नाव बिंग. न्यूरेंबर्गचे हे बिंग बंधू. त्यांच्या मालावर जी. बी. एन. अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे 'गेब्र्यूडर बिंग न्यूर्नबर्ग', बिंग बंधू, न्यूरेंबर्ग. आता गंमत बघा. इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनला बॅसेट-लोक नावाची कंपनी 1899 साली निघाली. इंग्रजी रेल्वेच्या रंगांतल्या हुबेहूब गाड्या विकण्यात ती प्रसिद्ध. बॅसेट-लोक 1900 सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाला गेले, तिथे त्यांची बिंगशी गाठ पडली, आणि मग इंग्रजी गाड्या जर्मनीत बनून इंग्लंडात विकल्या जाऊ लागल्या. म्हणजे खोक्यावर नाव विकणाऱ्याचं आणि पत्रा वाकवणारे हात न्यूरेंबर्गचे. म्हणून म्हणतो, खोकं वाचून थांबू नका. त्याच घराण्यातले श्टेफान बिंग पुढे ट्रिक्स या खेळण्यांच्या कंपनीत होते. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत त्यांना कंपनी सोडून इंग्लंड गाठावं लागलं. एका टीचभर डब्याच्या पोटाखालच्या तीन अक्षरांमागे एवढं सगळं असतं.

तिसरं नाव आपल्यापैकी काहींच्या ओळखीचं आहे. फ्रँक हॉर्नबी, लिव्हरपूलचा. आपल्या वर्गात डॉक्टरांच्या मुलाकडे मेकॅनोचा डबा होता, आठवतो का? हिरव्या-लाल पट्ट्या, पितळी नट-बोल्ट. तो हाच हॉर्नबी. 1901 साली त्यानं त्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं आणि 1920 साली रेल्वे काढली. सुरुवातीचे हॉर्नबीचे डबे मेकॅनोसारखेच नट-बोल्टनं जोडलेले होते, सोडवून पुन्हा जोडता यायचे. 1938 साली त्याच कंपनीनं छोट्या आकाराची 'हॉर्नबी डब्लो' ही विजेवरची रेल्वे काढली. ती पाहायला हॉर्नबी नव्हता, तो 1936 सालीच वारला. 1964 साली ती कंपनी ट्राय-अँगवाल्या लाइन्स ब्रदर्सनं घेतली, 1971 साली तेही बुडाले, आणि 1979 साली लिव्हरपूलचा तो जुना कारखाना बंद झाला. कंपन्या गेल्या, डबे राहिले.

डब्यावरची अक्षरंही तारीख सांगतात. इंग्लंडातल्या शंभरावर रेल्वे कंपन्या 1923 साली चार मोठ्या कंपन्यांत विलीन झाल्या. त्यामुळे डब्यावर 'एल. एम. एस.' किंवा 'एल. एन. ई. आर.' असेल तर तो 1923 च्या आधीचा असू शकत नाही. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असेल तर तो महायुद्ध संपल्यापासून 1952 पर्यंतच्या काळातला, जेव्हा जपान अमेरिकेच्या ताब्यात होता. इतिहासाच्या बाईंनी आम्हाला सनावळ्या पाठ करायला लावल्या तेव्हा आम्ही कुरकुर करत होतो. बाई, आज तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो, माझ्या उपयोगाला शेवटी सनावळ्याच आल्या.

धातूही बोलतो. पत्र्याचा डबा असेल तर कडेच्या जिभा खाचेतून काढून वाकवलेल्या दिसतात. ओतीव डबा असेल तर तो बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा. महायुद्धाच्या आधीच्या ओतीव भागांना एक रोग होतो. जस्तात शिसं किंवा तशी दुसरी भेसळ थोडी जरी राहिली, तरी काही वर्षांनी धातू आतून फुगतो, त्याला भेगा पडतात आणि शेवटी हातात भुगा येतो. त्याला औषध नाही. कारखान्यात त्या दिवशी कोणी भट्टीत काय टाकलं, ते ऐंशी वर्षांनी अकोल्याच्या माझ्या कपाटात कळतं.

आता तुम्ही विचाराल, ही विलायती खेळणी आपल्या वऱ्हाडात आली कशी? त्याचं उत्तर आपल्या कापसात आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडे तोंड वळवलं. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत 1867 साली नागपूरला पोचली. खामगाव आणि अमरावती मुख्य लाइनवर नव्हती, म्हणून कापसाच्या गाठींसाठी 1870 च्या सुमारास जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला फाटे काढले. मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, रॅली आणि वोल्कार्टसारख्या परदेशी पेढ्यांचे लोक आले, उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जाणारे साहेब आले. त्यांची पोरं होती, पोरांची खेळणी होती. साहेब परत गेला की सामानाचा लिलाव व्हायचा आणि कापसाच्या तेजीत हात मोकळा झालेल्या आपल्या एखाद्या शेठजीच्या किंवा देशमुखांच्या घरी तो खोका जायचा. माझ्या 31 वाहनांपैकी 6 अशी वऱ्हाडातल्याच घरांतून मिळाली आहेत.

त्या सहांपैकी एकाबद्दल सांगतो. हॉर्नबीचा पत्र्याचा उघडा मालडबा आहे. बाजूला एल. एम. एस. लिहिलेलं, पोटाखाली लिव्हरपूलची मोहर. एका बाजूचं मूळ कपलिंग तुटलेलं होतं. त्या जागी कोणीतरी डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचा आकडा कापून, वळवून, डाग देऊन बसवलेला आहे. आकडा उलटा करून पाहिला की आतल्या बाजूला पिवळ्या रंगावर हिरव्या पानाचा तुकडा दिसतो. म्हणजे हा डबा तुटल्यावर कोणा पोरानं रडून घर डोक्यावर घेतलं असेल, बापानं तो इतवाऱ्यातल्या एखाद्या टिनवाल्याकडे नेला असेल, आणि त्यानं चार आण्यांत असा आकडा बसवून दिला की तो आजही बाजूच्या डब्याला धरतो.

पुण्याच्या एका संग्राहकाला तो डबा हवा होता. चांगली किंमत देत होता, पण म्हणाला, "तो गावठी आकडा काढून मूळचं कपलिंग लावून द्या. मूळचे सुटे भाग मिळतात." त्याचं व्यवहारात बरोबर आहे. बाजाराच्या नियमानं दुरुस्त केलेल्या वस्तूची किंमत उतरते. मी डबा दिला नाही. हॉर्नबीचे असे मालडबे जगात हजारोंनी आहेत. अमरावतीच्या टिनवाल्यानं डाग दिलेला हा एकच. फक्त त्या टिनवाल्याचं नाव कुठेच नाही. लिव्हरपूलच्या कारखानदाराचं नाव मोहरेत आहे, आणि त्याची गाडी चालू ठेवणाऱ्याचं नाही.

मित्रांनो, हे खेळण्यातल्या गाडीबद्दल सांगितलं. आता खऱ्या गाडीकडे येतो, कारण तिथे हीच गोष्ट मोठ्या मापात आहे.

आपली शकुंतला. मूर्तिजापूर-अचलपूर 76 किलोमीटर, मूर्तिजापूर-यवतमाळ 113 किलोमीटर, एकूण 189. रुळांची रुंदी 762 मिलिमीटर, अडीच फूट. किलिक निक्सन या इंग्रजी पेढीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं कापूस मुख्य लाइनवर आणण्यासाठी ती टाकली, आणि देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावरही या रुळांची मालकी त्या खासगी कंपनीकडेच राहिली. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला 1921 साली बांधलेलं, 1923 पासून धावलेलं, आणि 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झालेलं. सत्तर वर्षं नोकरी! आपल्यापैकी कोणालाही इतकी एक्स्टेन्शन मिळाली नाही. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटकडून शिकायला आलेले आपले किती वर्गमित्र सुट्टीला याच गाडीनं घरी जायचे. गार्डच तिकीट द्यायचा. गाडी थांबवून प्रवासी चढवायचे. मागच्या दशकात ती बंद पडली. आज रुळांवर बाभळी आहेत.

आता संग्राहक म्हणून सांगतो. दार्जिलिंगच्या छोट्या इंजिनाच्या प्रतिकृती विलायतेत निघाल्या, विकत मिळतात. शकुंतलेची प्रतिकृती विकत घ्यायची म्हटली तर मला आजवर कोणत्याही कंपनीच्या यादीत दिसलेली नाही. कारण साधं आहे. प्रतिकृती करायला मापं लागतात, नकाशे लागतात, चारही बाजूंचे फोटो लागतात. ते ज्या गाड्यांचे जमले, त्यांच्या प्रतिकृती झाल्या.

आपल्या मराठी मुलखातलंच एक उदाहरण आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडीहून बार्शीला 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. तीही 762 मिलिमीटरचीच, शकुंतलेच्या रुंदीची. हलक्या रुळांवर जास्तीत जास्त माल कसा न्यायचा, याचं गणित त्यानं बार्शीत मांडून दाखवलं. तो अनुभव घेऊन तो इंग्लंडात गेला आणि 1904 साली स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच लहान रेल्वे उभी केली. ती जेमतेम तीस वर्षं चालली, 1934 साली बंद झाली. पण तिकडच्या हौशी लोकांनी तिचा प्रत्येक डबा मोजून ठेवला होता. त्यामुळे तिच्या प्रतिकृती आजही लोक घरी बसून करतात. बार्शीची विद्या तिकडे कपाटात सुरक्षित आहे आणि इकडे तिचं नाव काढावं लागतं.

मग मी काय केलं ते सांगतो. आधी थोडं गणित, गणिताचे सर बसलेत म्हणून फळ्याशिवाय करतो. प्रतिकृतींचं एक प्रचलित प्रमाण आहे 1:87, त्याला एच-ओ म्हणतात. या प्रमाणात सहा फुटांचा माणूस 21 मिलिमीटरचा होतो. युरोपातली मोठी रेल्वे 1435 मिलिमीटर रुंदीची, तिला 87 नं भागलं की साडेसोळा येतात. म्हणून बाजारात रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. भागाकार सव्वाएकोणीस येतो. म्हणजे भारतीय इंजिनाची अचूक प्रतिकृती केली आणि बाजारातल्या रुळांवर ठेवली, तर ती पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. आपल्याकडचे हौशी लोक याच्याशी कायम झगडत असतात. अकोल्याहून खांडव्याकडे मेळघाटातून पूर्वी जायची, धूळघाटला वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जायची, ती मीटरगेज घ्या. एक मीटर भागिले 87, साडेअकरा. त्याला बारा मिलिमीटरचे रूळ मिळतात, पण शोधावे लागतात. आणि शकुंतला? 762 भागिले 87 म्हणजे 8.76. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ कुठेही मिळतात! हे गणित जमलं त्या दिवशी मी घरात इतका ओरडलो की सौ.ला वाटलं, पेन्शनचा फरक जमा झाला. या प्रमाणात अख्खी शकुंतला, 189 किलोमीटर, 2 किलोमीटर आणि 170 मीटरांत बसते. आपल्या शाळेच्या मैदानाला सात-आठ फेऱ्या मारल्या की झाली.

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1 एप्रिल 1998 रोजी ते सुरू झालं. एका मराठी कुटुंबानं हौसेपोटी केवढं काम करावं, ते तिथे बघायला मिळतं. नातवंडांना घेऊन जरूर जा. नागपूरला मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे, तिथे खऱ्या आकाराची लहान इंजिनं हात लावून पाहता येतात. हे दोन्ही पाहून आल्यावर माझ्या मनात आलं, की आपल्या गाडीचा निदान एक डबा तरी आपण करावा.

मूर्तिजापूरच्या यार्डात रीतसर परवानगी काढून मी मेजरटेप घेऊन गेलो. एकूण चार फेऱ्या झाल्या. मदतीला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला रुमाल, डोळ्यांना कमी दिसायचं, पण हातानं चाचपून सांगायचे की इथे मूळची फळी आहे आणि इथे नंतर बदललेली. डब्यांचं सुतारकाम आणि किरकोळ दुरुस्ती त्यांनी आयुष्यभर केली होती. खिडकीची चौकट मोजताना मी त्यांना इंजिनाबद्दल सांगत होतो, मँचेस्टर, 1921 वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंग्रजाचं नाव पाटीवर हाये साहेब. ही फळी म्या बसोली. माहं नाव कोठी हाये?"

मी काय बोलणार? मग तेच म्हणाले, "नाई, राग नाई. गाडी चालली ना, झालं." आणि पुढची खिडकी दाखवायला निघाले.

पुढच्या फेरीला मी टेपबरोबर वही नेली. कोणतं काम कोणी केलं, हे त्यांना आठवेल तसं लिहून घेतलं. सुतार, लोहार, रंगारी, फिटर, पाणी भरणारे, रात्री इंजिनाची राख काढणारे. 43 नावं झाली. काहींचं नुसतं पहिलं नाव, काहींचं नुसतं टोपणनाव, एकाचं फक्त गाव. पाचव्या फेरीचं ठरलं होतं. ती झाली नाही, कारण त्याआधीच ते गेले. त्यांच्या मुलाला मी वहीची झेरॉक्स दिली. त्यानं ती उघडून सगळ्यात आधी बापाचं नाव शोधलं आणि बोट ठेवून बायकोला दाखवलं.

डबा पूर्ण झालाय. प्लायवूड, पितळी तार आणि जाड पुठ्ठा. फार सुबक नाही, विलायती डब्यांच्या शेजारी ठेवला तर खेड्यातल्या पाहुण्यासारखा थोडा अवघडून बसतो. पण तो उलटा केला की पोटाखाली बारीक ब्रशनं त्या गृहस्थांचं नाव लिहिलेलं आहे. व्यासपीठावरून ते नाव घेतलेलं त्यांना रुचलं नसतं म्हणून इथे घेत नाही. ज्याला वाचायचं असेल त्यानं डबा हातात घेऊन उलटा करावा. बाहेरच्या टेबलावर ठेवलाय. चहाचा कप लांब ठेवा, एवढंच.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या सगळ्यांच्या वयाचा आहे. 1974 साली आपण अकरावीची मॅट्रिक झालो, पन्नास वर्षं उलटली. मागच्या दिवाळीत कपाट पुसताना सौ.नं विचारलं, "तुमच्यामागं मी हे काय करू? भंगारवाल्याला किलोनं देऊ का?" तिचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं, आणि मुलगा-सून परदेशात, त्यांनाही माहीत नाही. बिंगचा डबा आणि जत्रेतला डबा, दोन्ही पत्र्याचेच. वजनकाट्यावर दोन्हींचा भाव एकच.

तेव्हापासून मी एक काम केलं. प्रत्येक वाहनाला एक पान. वर फोटो, वरचा आणि पोटाखालचा. मग चार ओळी: कोणी बनवलं, कोणाकडून आलं, कोणी दुरुस्त केलं, माझ्यामागे कोणाला द्यावं. रंग देऊ नका, चकचकीत करू नका, उन्हाळ्यात लोखंडी कपाटात आणि माळ्यावर ठेवू नका, पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, हेही लिहिलं. 31 पानं झाली, 32 वं शकुंतलेच्या डब्याचं. ही वही हाच आता माझा खरा संग्रह आहे. गाड्या तिच्याशिवाय नुसता पत्रा.

विलायती वाहनं ज्यांना त्यांची कदर आहे त्यांच्याकडे जातील, तशी सोय केली आहे. पण शकुंतलेचा डबा, तो डालड्याच्या आकड्याचा मालडबा आणि 43 नावांची वही या तीन वस्तू मला आपल्या शाळेला द्यायच्या आहेत. मुख्याध्यापिका मॅडमशी बोललो आहे. विज्ञान प्रयोगशाळेतलं काचेचं एक कपाट त्या रिकामं करून देणार आहेत. माझी एकच अट आहे. कपाटाला कुलूप असावं, पण महिन्यातून एकदा ते उघडावं आणि पोरांना डबा हातात घेऊन उलटा करू द्यावा. पडला तर पडू दे. डाग देणारा अमरावतीत अजून मिळतो.

आणि तुमच्याकडून काय हवं ते सांगतो. तुमच्यापैकी काहींचे वडील रेल्वेत होते, काहींचे जिनिंगमध्ये, काहींचे एस. टी. त. घरी जुना पास असेल, स्टेशनवर काढलेला ग्रुप फोटो असेल, पितळी बिल्ला असेल, हातोडी असेल. ती वस्तू मला देऊ नका, तुमच्याच घरी ठेवा. फक्त आज रात्री घरी गेल्यावर ती उलटी करा. मागे नाव असेल तर वाचून नातवाला सांगा. नसेल, तर फोटोच्या मागे शिसपेन्सिलीनं, शाईनं नको, शाई पुढच्या बाजूला उमटते, कोण उभा आहे, कोण बसला आहे, कुठलं गाव, एवढं लिहा. ग्रुप फोटोतल्या दुसऱ्या रांगेतला तो टोपीवाला कोण, हे सांगणारे आपण आता शेवटचेच उरलो आहोत. आपली पोरं त्याला ओळखत नाहीत.

आपल्या मॅट्रिकच्या बॅचचा फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलेला आहे. दुपारी जाऊन पाहिला. खाली सरांची आणि बाईंची नावं छापली आहेत, आपली नाहीत. फोटोत आपण 58 जण आहोत. मी आठवून 39 नावं लिहिली, उरलेली 19 अडली आहेत. कागद आणि पेन्सिल त्या खोलीतल्या टेबलावर ठेवून आलोय. चहा घ्यायला जाताना प्रत्येकानं त्यात भर घालून जावं.